कसबा पेठेतील तांब्याचे दुकान : प्रकल्प नोंदी

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

पुण्यात तांबट आळीजवळच्या एका जुन्या दुकानात आज पहिली भेट झाली. पुढे विक्रीची जागा आणि मागे ठोककामाची व कल्हईची जागा अशी दुकानाची रचना आहे. हंडे, कळश्या, घंगाळी, ताम्हणे हा नेहमीचा माल असून मागणी आल्यास अजूनही पाणी तापवायचा बंब करून दिला जातो. मालक, म्हणजे काका, मोजके बोलतात. ‘दिवाळीच्या आत वेबसाइट उघडली पाहिजे, आणि त्या काँप्युटरला काय झालंय तेही एकदा बघा,’ एवढीच त्यांची मागणी. दुकानाचा फोन, व्हॉट्सॲप आणि बाहेरगावच्या ऑर्डरी त्यांच्या सूनबाई सांभाळतात. यापुढे या नोंदींत त्यांचा उल्लेख वहिनी असाच येईल.

वेबसाइट न उघडण्याचे कारण पाच मिनिटांत समजले. डोमेनची, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या पत्त्याच्या नोंदणीची, मुदत ९ जुलैला संपली असून ते डोमेन दुकानाच्या नावावर कधीच नव्हते. २०१७ मध्ये ज्या गृहस्थांनी साइट करून दिली त्यांनी ते स्वतःच्या खात्यातून घेतले आणि दरवर्षी रोखीने पैसे घेऊन नूतनीकरण केले. यंदा पैसे मागायला कोणी आले नाही आणि काकांनाही त्याची आठवण राहिली नाही. त्या वेळच्या बिलावर ‘वेबसाइट, ईमेल, गुगल, सर्व मिळून’ अशी एकच ओळ आहे.

डॉट कॉम डोमेनची मुदत संपल्यावर ते लगेच सुटत नाही. नोंदणी करणारी कंपनी देईल तितकी, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते. त्यानंतर ३० दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येते. त्यानंतरच्या ५ दिवसांत ते यादीतून पुसले जाते आणि मग कोणालाही घेता येते. आपल्या हिशेबाने पहिली हद्द २३ ऑगस्टला आणि दुसरी २२ सप्टेंबरला येते.

नवे डोमेन घेऊन जुने सोडून द्यावे, असा विचार माझ्या मनात आला होता. तेवढ्यात वहिनींनी माळ्यावरून कापडी पिशव्यांचा गठ्ठा खाली काढला. गेल्या लग्नसराईत पाच हजार छापलेल्या, त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास शिल्लक, आणि प्रत्येकीवर जुना पत्ता ठसठशीत लाल अक्षरांत. दीड हजार तर घराघरांत पोहोचल्या आहेत. सुटलेली डोमेने अनेकदा जुगाराच्या किंवा त्याहून वाईट साइटवाल्यांच्या हाती लागतात, त्यामुळे आपल्या पिशवीवरचा पत्ता उद्या असल्या ठिकाणी उघडणे म्हणजे गिऱ्हाइकासमोर नाचक्की. जुने डोमेन सोडवायचे आणि तोवर काम अडू नये म्हणून डॉट इन घ्यायचे, असे ठरले.

डॉट इन आजच घेतले. माझ्या खात्यातून ते दहा मिनिटांत झाले असते; दुकानाच्या नावाने ईमेल उघडून, काकांच्या फर्मचे नाव घालून आणि ओटीपीसाठी वहिनींचा मोबाइल नोंदवून करायला सव्वा तास लागला. हा सव्वा तास बिलात लावणार आहे.

गुरुवार, ७ ऑगस्ट

गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, असल्यामुळे सकाळी वीज नव्हती, म्हणून संगणक उघडायला निवांत वेळ मिळाला. तो बिलिंगच्या टेबलाखाली असतो आणि तिथून कल्हईची भट्टी जेमतेम सहा-सात फुटांवर आहे. तक्रार अशी की दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद पडतो, कधी सुरूच होत नाही आणि नुसताच बीप देतो.

अशी पेटी मी यापूर्वी पाहिली नव्हती. पंख्याच्या पात्यांवर मऊ, काळपट, किंचित तेलकट थर होता आणि बोटावर घेऊन उजेडात धरला की त्यात लालसर चमक दिसत होती. ही पॉलिशच्या चाकावरून उडालेली तांब्याची पूड आहे. साध्या धुळीने संगणक तापतो, धातूची पूड मात्र शॉर्टसर्किट करू शकते. म्हणून ब्लोअर वापरला नाही, नाहीतर पंख्यावरची पूड मदरबोर्डच्या फटीफटींत गेली असती. अंगणात नेऊन रंगाच्या मऊ ब्रशने झाडत, दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमची नळी जवळ धरून दीड तास साफसफाई केली.

बीपचे कारण वेगळे निघाले. कल्हई करताना तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतात, तिचा पांढरा धूर होतो आणि मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसून घेतात. तो धूर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. तो थंड पृष्ठभागावर बसतो, पावसाळी हवेत ओल धरतो आणि धातू खातो. रॅमच्या पट्ट्यांची टोके मळकट झाली होती आणि शेजारच्या दोन स्क्रूंवर हिरवा गंज होता. टोके आधी खोडरबराने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. पट्ट्या पुन्हा बसवल्या आणि वीज आल्यावर यंत्र पहिल्याच झटक्यात सुरू झाले. काका म्हणाले, ‘म्हणजे चिंच लावून घासल्यासारखंच की.’ तत्त्व तेच आहे, फक्त चिंच लावायची नाही, एवढे मात्र निक्षून सांगितले.

संगणक आता पुढच्या दालनात, जमिनीपासून वर, फळीवर ठेवायचा आहे. प्लगच्या न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १४ व्होल्ट दिसले, ते दोन-तीनच्या वर नसावेत. वायरमनला बोलावणे काकांकडे सोपवले.

खरी काळजी हार्ड डिस्कची आहे. तिच्या स्वतःच्या तपासणी नोंदीत ‘वाचता न येणारे’ म्हणून १०० हून अधिक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाट पाहत बसलेले दिसतात आणि मधूनच टिकटिक आवाज येतो. २०१६ पासूनची सगळी बिले याच डिस्कवर आहेत. बॅकअप आहे का, असे विचारल्यावर गल्ल्याच्या खणातून एक पेन ड्राइव्ह निघाला. त्यातली शेवटची फाइल मार्च २०२३ ची होती. यंत्र तिथेच बंद केले आणि डिस्क घरी आणली. बंद पडत चाललेल्या डिस्कवर विंडोज सुरू ठेवून फाइली कॉपी करत बसणे हा तिला मारण्याचा सर्वात सोपा मार्ग आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट

डीडीरेस्क्यूने काल रात्री ५०० जीबीच्या डिस्कची प्रत ५१२ जीबीच्या एसएसडीवर घ्यायला लावली. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येते, त्यामुळे डिस्क मध्येच दगावली तरी बहुतेक माल हाती लागलेला असतो. साडेनऊ तास लागले. तीन ठिकाणे शेवटपर्यंत वाचता आली नाहीत, पण बिलिंगचा डेटा पूर्ण निघाला. सॉफ्टवेअरची स्वतःची तपासणी चालवली आणि वहिनींनी सांगितलेली सहा जुनी बिले उघडून पाहिली.

बॅकअप आता तीन ठिकाणी राहील : यंत्रात, दर शनिवारी वहिनींबरोबर घरी जाणाऱ्या बाहेरच्या डिस्कवर आणि पासवर्ड लावून इंटरनेटवर. इंटरनेटवरचे खातेही दुकानाच्याच ईमेलवर काढले आहे.

सोमवार, १८ ऑगस्ट

गुगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलचा मालकही ते जुने गृहस्थच निघाले. १४ तारखेला मालकी मागणारा अर्ज टाकला होता. उत्तर द्यायला त्यांना तीन दिवस असतात आणि त्यांनी दिले नाही. मग पडताळणीचा व्हिडिओ काढण्याचा पर्याय उघडला. गल्लीचा फलक, दुकानाची पाटी, शटर उघडताना काका आणि आतला गल्ला हे सगळे मध्ये न थांबता एकाच चित्रीकरणात यावे लागते. तिसऱ्या प्रयत्नात जमले, कारण पहिल्या दोन वेळा समोर टेम्पो उभा राहिला.

प्रोफाइलमध्ये दुरुस्त्या पुष्कळ होत्या. नकाशावरची खूण शेजारच्या बोळात होती, त्यामुळे कुरियरवाला रोज फोन करत असे. दुकानाचा प्रकार ‘भेटवस्तू’ असा लावलेला होता. वेळ सकाळी १० ते रात्री ८ अशी सलग दिली होती, प्रत्यक्षात दुकान १ ते ४ बंद असते, आणि एका बाईंनी पिंपरीहून भर दुपारी येऊन कुलूप पाहिल्यावर एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय सर्वात वर झळकत होता. वेळ दोन भागांत टाकली. दुपारची झोप सोडण्याचा सल्ला देणे माझ्या कामात बसत नाही. काकांच्या वतीने त्या बाईंना दिलगिरीचे दोन ओळींचे उत्तर दिले.

गुरुवार, २१ ऑगस्ट

जुने गृहस्थ सापडले. पिशव्या छापणाऱ्या प्रेसवाल्याकडे त्यांचा नवा नंबर होता. त्यांनी हा धंदा सोडून दोन वर्षे झाली. बोलणे सरळ होते, लपवाछपवी नव्हती; पण ज्या ईमेलवर डोमेनचे खाते होते तो ईमेलच बंद पडला आहे, त्यामुळे त्यांना स्वतःलाही आत जाता येत नाही. त्यांच्याकडे अशी चाळीसेक दुकाने होती म्हणे. फसवायचा हेतू नसतानाही चाळीस दुकानांच्या पाट्या एका माणसाच्या खिशात कशा जातात, ते अशा वेळी दिसते. ओळखपत्र आणि जुनी बिले जोडून नोंदणी कंपनीला अर्ज करायला ते तयार झाले. मसुदा मी लिहून दिला.

२३ तारीख आता हुकणार, हे काकांना आजच सांगून ठेवले.

सोमवार, २५ ऑगस्ट

आज भांड्यांचे फोटो. तांबे आरशासारखे असते, हा आजचा धडा. घंगाळाच्या पहिल्या फोटोत घंगाळ कमी आणि मी, माझा चौकड्यांचा शर्ट, मागची ट्यूबलाइट आणि कुतूहलाने वाकलेले काका जास्त होते. फ्लॅश लावला की मठारकामाच्या, म्हणजे हातोडीने पाडलेल्या, ठशांवर पांढरे डाग उठतात आणि नेमकी तीच कारागिरी दिसेनाशी होते, जिच्यासाठी गिऱ्हाईक साच्यातल्या भांड्यापेक्षा जास्त पैसे मोजते.

शेवटी उत्तरेकडच्या खिडकीला बटर पेपर लावला, भांड्याच्या दोन्ही बाजूंना थर्माकोलचे पांढरे पत्रे उभे केले आणि समोरच्या काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून मोबाइलची फक्त लेन्स बाहेर काढली. मग ठसे एकेक वेगळे दिसू लागले. प्रत्येक भांड्याचा एक फोटो समोरून, एक आतल्या कल्हईचा आणि एक शेजारी माणसाचा हात ठेवून, कारण ‘पाच लिटर’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. ६२ भांड्यांपैकी ५८ झाली. बंब चकचकीत करून मिळायचा आहे आणि तीन हंडे विकले गेले.

रविवार, ७ सप्टेंबर

गणेशोत्सवात काम बंदच ठेवले. कसब्यात गाडी जात नाही आणि बोलणे ऐकू येत नाही. काल विसर्जन झाले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मेट्रोने मंडईला उतरून चालत गेलो आणि दिवसभर मजकुराचे काम केले. जुना कॅटलॉग श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी टायपिंगच्या पद्धतीत, टाइप केलेला होता, तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांची पडझड झाली. ‘कळश्या’, ‘पळ्या’, ‘पंचपात्री’ हे शब्द हाताने तपासले. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नीट नोंदवले, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय असते त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. काकांनी अर्थातच जुन्या साइटवरचा हिंदी वळणाचा ‘श’ आठ वर्षांपूर्वीच टिपला होता, पण कोणाला सांगावे हे त्यांना कळले नव्हते.

फोटो मोबाइलवरून चार-चार एमबीचे आले होते, ते वेबपी प्रकारात दीडशे केबीपर्यंत उतरवले. पानातला सर्वात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गुगलची ‘चांगल्या’ साइटची मर्यादा आहे; दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे मोबाइलला जेमतेम रेंज मिळते तिथे, पान २.१ सेकंदांत उघडले.

किमती टाकायच्या की नाहीत यावर बराच खल झाला. तांब्याचा भाव हलता असतो आणि भांडे वजनावर विकले जाते, त्यामुळे साइटवर वजन, माप आणि कल्हई आहे की नाही एवढेच दिले. खाली ‘आजचा भाव विचारा’ असे बटण आहे; ते दाबले की व्हॉट्सॲप उघडते आणि भांड्याचे नाव व वजन आधीच लिहिलेले असते. वहिनींचा रोजचा अर्धा वेळ ‘कोणते भांडे, ताई?’ हे विचारण्यात जात असे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

जुने डोमेन सुटले. ठरलेल्या हद्दीला तीन दिवस उरले होते. सोडवणुकीचे शुल्क वर्षाच्या नूतनीकरणाच्या कित्येक पट पडले आणि ते काकांनी भरले. अर्धा वाटा देण्याची तयारी जुन्या गृहस्थांनी दाखवली, ती काकांनी नाकारली. त्या दोघांतला तो प्रश्न आहे. डोमेन त्याच कंपनीत ठेवून दुकानाच्या खात्यात वळवले, कारण मालकाचे नाव बदलल्यावर दुसऱ्या कंपनीत हलवायला ६० दिवसांची आडकाठी येऊ शकते. जुना पत्ता टाकणारा आता कायमच्या वळणाने नव्या साइटवर येतो.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना, आणि जीएसटीचे नवे दर आजपासून. तांब्याच्या घरगुती भांड्यांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. काल रात्री बॅकअप घेऊन मगच सॉफ्टवेअरचे अपडेट चढवले. एवढ्यावर काम होत नाही; प्रत्येक मालाला जोडलेला दर वेगळा तपासावा लागतो. दुकानात ३१४ नोंदी होत्या आणि त्यांतल्या १९ जणींना एचएसएन क्रमांक, म्हणजे करासाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, चुकीचा लावलेला होता. मूर्तींसारख्या ज्या वस्तूंबद्दल शंका होती त्यांची यादी काकांच्या सीएंकडे पाठवली. कराच्या प्रश्नावर संगणकवाल्याने मत देऊ नये. पहिले बिल सव्वादहाला एका ताम्हणाचे झाले. काकांनी ते कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिले.

सोमवार, २९ सप्टेंबर

गुगलवर जाहिरात सुरू करून आठवडा झाला. रोज ३०० रुपये, फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवड, दुकान उघडे असेल तेव्हाच. पहिल्या तीन दिवसांत क्लिक भरपूर आले, चौकशी एकही नाही. लोकांनी काय टाइप केले होते ते उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला : तांब्याचा आजचा भाव, भंगाराचा दर, मोटार वाइंडिंगची तार, एसीचा पाइप. असे २६ शब्द वगळण्याच्या यादीत घातले. आता क्लिक निम्म्याहून खाली आले असून काल दोन माणसे बंबाची चौकशी करत प्रत्यक्ष दुकानात आली. जाहिरातीच्या खात्यात नुसते क्लिक दाखवून महिनाअखेरीस खूश करता येते, ते मी करणार नाही, असे वहिनींना सांगितले.

दुपारी एकाचा फोन आला की शंभर पंचतारांकित अभिप्राय विकत देतो. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले आहे, हे त्याला ऐकवायचा मोह झाला. फोन ठेवून दिला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ तारखेला थांबतात. दुकानाचे यंत्र सहाव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचे आहे आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आडवाटेने चढवता येते, पण ज्या यंत्रावर बँक आणि जीएसटीची कामे चालतात तिथे मी ते करत नाही. हा बदल सप्टेंबरातच करावा असे वहिनींचे म्हणणे होते. मी मुद्दाम थांबलो, कारण दर आणि यंत्र एकाच आठवड्यात बदलले आणि बिल चुकले, तर चूक कोणाची हे शोधायला दिवस जातो.

दसरा झाल्यावर आठव्या पिढीचे जुने-दुरुस्त यंत्र आणले. तीन दिवस रोजची बिले दोन्हीकडे केली आणि रात्री बेरीज जुळवली. दुसऱ्या दिवशी ४० रुपयांचा फरक आला, तो एका कडीच्या वजनात टाइप करताना झालेला होता. जुने यंत्र लिनक्स घालून मागे, भट्टीपासून लांबच्या कोपऱ्यात, फक्त फोटो दाखवायला ठेवले.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. धनत्रयोदशीला, म्हणजे शनिवारी, वहिनींच्या फोनवर ७३ संदेश आले. त्यांतले ४८ साइटच्या बटणावरून आलेले होते, हे आधीच लिहून येणाऱ्या मजकुरावरून ओळखता येते. यंत्र एकदाही अडले नाही. वीज दोनदा गेली आणि यूपीएसने जेमतेम चार मिनिटे तग धरला.

दोन्ही डोमेन, ईमेल, गुगल प्रोफाइल, जाहिरात आणि बॅकअप यांची खाती, ती कोणाच्या नावावर आहेत, मुदत कधी संपते आणि पासवर्ड विसरल्यास ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो, हे सगळे दोन पानांवर हाताने लिहून लिफाफ्यात दिले. काकांनी तो चोपडीखाली ठेवला आणि हळदकुंकू दोन्हींना वाहिले.

सोमवार, २७ ऑक्टोबर

तपकीर गल्लीतून यूपीएससाठी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आणून बसवली. आता अठरा मिनिटे चालतो. अर्थिंगचे काम वायरमनने अजून केलेले नाही. बंबाचा फोटो झाला.

जुन्या पत्त्यावरून दिवाळीच्या आठवड्यात किती जण आले, असे काकांनी विचारले. अकरा. ‘अकरा जणांसाठी एवढे पैसे भरले होय आपण,’ असे म्हणून त्यांनी बिल घडी घालून गल्ल्यात टाकले. मग नवे, २०२६ चे कालनिर्णय मागवून घेतले आणि ९ जुलै व ४ ऑगस्ट या दोन चौकोनांत, जिथे गॅस सिलिंडरची तारीख लिहितात तिथे, शाईच्या पेनने ‘डोमेन’ असे लिहिले. नंतर पाने मागे उलटून ९ जूनलाही लिहिले.